मधमाशी सगळ्यांनाच व्हायचंय, फूल कोण होणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र जरा लांबणार आहे. कापायचं तर कापा, पण मधलं चुरमुऱ्यांचं तेवढं ठेवा.

मागच्या आठवड्यात नाशिकला लेकीकडे गेले होते. नातू साडेपाच वर्षांचा, सिनियर केजीत. त्याच्या शाळेत जागतिक मधमाशी दिन झाला. खरं तर तो दिवस २० मे ला असतो, स्लोव्हेनियात अँटोन यान्शा म्हणून एक जुना मधपाळ होऊन गेला त्याच्या आठवणीत, २०१८ पासून जगभर पाळतात. पण मे मध्ये आपल्याकडे शाळांना सुट्टी, म्हणून जूनमध्ये शाळा उघडल्यावर उरकून घेतला. उरकून हाच शब्द बरोबर आहे. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा ड्रेस भाड्याने आणा, डोक्यावर स्प्रिंगची दोन शिंगं असलेला हेअरबँड, स्टेजवर दोन रांगा, गाण्यावर हात हलवा, फोटो काढा, फोटो ग्रुपवर, झालं. आणि एक वर्कशीट, त्यात मधमाशी रंगवायची. मी त्याला विचारलं, काय रे, मधमाशी काय करते? म्हणाला मध देते. कोणाला देते? आपल्याला. कशातून देते? बाटलीतून.

बरं, हसून सोडून दिलं असतं. पण त्याच आठवड्यात त्यांच्या सोसायटीत पाचव्या मजल्याच्या सज्ज्याखाली आग्या मोहोळ होतं ते रात्री औषध मारून पाडलं. सकाळी पार्किंगमध्ये मेलेल्या माश्यांचा नुसता सडा, आणि स्कूलबसची वाट बघत उभी असलेली पोरं तो सडा बुटाने चुरडत होती, कुरकुर आवाज येतो म्हणून. आमचा नातू पण त्यातच. मी ओरडले तर म्हणतो, आजी ही बी (bee) नाहीये, ही माशी आहे. म्हणजे बघा, स्टेजवरची ड्रेसवाली बी वेगळी आणि ही पायाखालची वेगळी, त्याच्या डोक्यात या दोघींची अजून भेटच झालेली नाही.

मी निफाड तालुक्यात २६ वर्षं बालवाडी चालवली, आता बंद केली, गुडघे ऐकत नाहीत. तीन ते सहा वर्षांची पोरं. त्या अनुभवावरून सांगते की या वयाला मधमाशी सांगून कळत नाही, चित्र दाखवून तर अजिबातच कळत नाही, ती पायाला हाताला कळली पाहिजे. धावून कळली पाहिजे. आणि परागीभवन हा शब्द तर काढूच नका, मी एकदा काढला होता. म्हटलं फुलात पराग असतो, तर एक पोरगी म्हणाली हो बाई, आमच्या गल्लीत पण आहे, त्याच्याकडे सायकल आहे.

आमच्याकडे कांद्याचं बियाणं धरतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, दिवाळीच्या आसपास अख्खा कांदा लावायचा, मग त्याला दांडे येतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत वर पांढरे गोल गोंडे फुलतात. एका गोंड्यात शेकडो बारीक फुलं. आता गंमत अशी की त्या बारक्या फुलाचा पराग आधी झडून जातो आणि त्याचं स्त्रीचं अंग नंतर तयार होतं, म्हणजे घरातलं घरात लग्न जमतच नाही, दुसऱ्या फुलावरून कोणीतरी पराग आणून द्यावाच लागतो. ते काम माशी करते. माशी नाही आली तर गोंडा दिसायला भरघोस आणि आत बी नाही. एका वर्षी आजूबाजूच्या फवारण्यांमुळे म्हणा, कशामुळे म्हणा, माश्या फिरकेनात. तर माझ्या सासूबाई सकाळी हाताला मऊ धडपं गुंडाळून एकेका गोंड्यावरून हात फिरवत चालल्या होत्या, ह्याच्यावरून त्याच्यावर, त्याच्यावरून ह्याच्यावर. मी पोरांना बांधावर घेऊन गेले होते. एकाने विचारलं, बाई, आजी कांद्याला कुरवाळते का? म्हटलं हो, माश्या आल्या नाहीत ना म्हणून आजीला करावं लागतंय. दुपारपर्यंत आजीची कंबर धरली. हे पोरांनी बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी अंगणात एक पोरगी फडकं घेऊन बाकीच्यांच्या डोक्यावरून हात फिरवत चालली होती, सगळे कांदे होऊन बसलेले. खेळ मी शोधला असं म्हणणार नाही, तो तिथेच सुरू झाला, मी फक्त त्यात चुरमुरे घातले.

तर खेळ असा. अर्धी पोरं फुलं, अर्धी माश्या. प्रत्येक फुलाने अंगणात एका जागी मांडी घालून बसायचं, पुढ्यात एक वाटी. वाटीच्या तळाला मूठभर चुरमुरे, आणि वाटीच्या आतल्या कडेला रांगोळीचा रंग जाडसर लावलेला, थोडं तेलाचं बोट फिरवलं की चिकटून राहतो. अर्ध्या फुलांचा रंग पिवळा, अर्ध्यांचा गुलाबी. माशीच्या हातात जुना लोकरीचा पायमोजा, नसला तर कापडी. एका कोपऱ्यात टोपली, ते पोळं. माशीने धावत यायचं, एका फुलातून एकच चुरमुरा उचलायचा, पुढच्या फुलाकडे जायचं, तीन-चार गोळा झाले की पोळ्यात टाकून परत. बस, एवढंच सांगायचं. रंगाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. (हे चुरमुरे नंतर कोंबड्यांना, पोरांना खायला वेगळे ठेवा, नाहीतर आयांच्या तक्रारी येतील, मला आल्या होत्या.)

दहा मिनिटं नुसता धुरळा. मग टाळी वाजवून थांबवायचं आणि सगळ्यांना वाट्या बघायला बोलवायचं. पिवळ्या वाटीत गुलाबी, गुलाबीत पिवळं. आता मी विचारते, हे कोणी केलं? आणि दरवर्षी, अगदी दरवर्षी, पहिलं उत्तर एकच असतं, मी नाही! बाई मी नाही केलं! हा म्हणतो त्याने केलं, तो म्हणतो तिने केलं, एक तर रडायला लागला होता की मी हात पण नाही लावला रंगाला. मग म्हणायचं, पायमोजे बघा बरं. आणि तेव्हा जी शांतता होते ना, ती मला कुठल्या स्मार्ट बोर्डवर दाखवून द्या. सगळे आपापला हात उलटासुलटा करून बघतात. मी नाही केलं, पण माझ्याचकडून झालं. मधमाशीचं तरी दुसरं काय असतं, ती बिचारी रस प्यायला गेलेली असते, थोडा पराग पिल्लांसाठी पायावर बांधून पण नेते, पण इकडचा तिकडे पोचला आणि तिकडे बी धरलं हे तिच्या गावीही नसतं. अंगावरची लव आहे म्हणून चिकटतो. पायमोजा लोकरीचाच का, ते त्याच्यासाठी. एकदा प्लॅस्टिकच्या पिशव्या घालून खेळवलं तर काहीच चिकटेना, तोही एक धडाच झाला.

पण खरा वांधा फुलांचा असतो. माशी सगळ्यांनाच व्हायचं असतं. फूल व्हायला कोणी तयार नाही, का तर पळायला मिळत नाही. जबरदस्तीने बसवलेली फुलं दोन मिनिटांत उठून पळतात, मग बाकीचे बोंबलतात, बाई फूल पळालं! मला आधी हा त्रास वाटायचा. नंतर लक्षात आलं की अरे, सगळ्या विषयाचं मूळ तर इथे आहे. फुलाला पळता येत नाही म्हणून तर हा सगळा खटाटोप, रंग काय, वास काय, रस काय. पळता आलं असतं तर त्याने माशीला कशाला बोलावलं असतं. एक पोरगा होता, मागे पेरूच्या झाडाजवळ बसवला होता, त्याच्याकडे कोणी येईचना. थोडा वेळ बसला, मग ओरडायला लागला, ए इकडे ये ना, माझ्याकडे चुरमुरे जास्त आहेत! म्हटलं फुलाला तोंड नसतं, बोलायचं नाही. मग त्याने शर्ट काढला आणि डोक्यावर धरून हलवायला लागला. मी काय शिकवणार होते अजून? दुसऱ्या दिवसापासून फुलांना ओढण्या दिल्या. लाल ओढणी आपल्याला भारी दिसते पण मधमाशीला लाल रंग दिसत नाही, निळा-पिवळा-जांभळा छान दिसतो आणि आपल्याला न दिसणारे अतिनील रंग पण दिसतात, त्यामुळे लाल ओढणीवाल्याकडे जायचं नाही असा एक नियम मोठ्या गटासाठी घालता येतो. लाल ओढणीवाला चिडतो. चिडू दे, पुढच्या डावात त्याला चिमणीहूनही लहान शिंजीर पक्षी पाठवायचा, त्याला लाल चालतो.

आणखी एक नियम आहे तो मी बऱ्याच वर्षांनी घातला, मलाच उशिरा कळला. माशी एका फेरीत शक्यतो एकाच जातीच्या फुलांवर फिरते, सूर्यफूल तर सूर्यफूल. म्हणजे पिवळा पिवळ्याकडेच. नाहीतर भोपळ्याचा पराग कांद्याला नेऊन उपयोग काय. हे घातलं की धावाधाव डबल होते कारण जवळचं गुलाबी फूल सोडून लांबच्या पिवळ्याकडे पळावं लागतं. पण चार वर्षांच्या खालच्यांना हा नियम नको, त्यांचा नुसता गोंधळ होतो. मोठ्यांना हा नियम घातला तर दोन वेगळ्या पिवळ्या छटा घ्यायच्या म्हणजे मोज्यावर फरक कळतो.

राणी माशी मी खेळातून काढून टाकली आहे. ठेवली की सगळ्या पोरींना राणी व्हायचं असतं आणि मुकुट लागतो, आणि हुकूम सोडायला सुरुवात होते. खरी राणी कुठे हुकूम सोडते, ती अंडी घालते दिवसभर. कामकरीणच बघण्यासारखी आहे, जन्मल्यावर आधी पोळ्यातली घरं साफ करते, मग पिल्लांना भरवते, मग मेण काढून बांधकाम, मग दारावर पहारा, आणि सगळ्यात शेवटी बाहेर फुलांवर. उन्हाळ्यात पाच-सहा आठवड्यांचं सगळं आयुष्य. ते आम्ही रिले सारखं खेळतो, पाच कोपरे पाच कामं.

नाचाचं थोडक्यात सांगते. माशी फुलं सापडली की पोळ्यावर नाचून बाकीच्यांना पत्ता सांगते, कार्ल फॉन फ्रिश यांनी हे उलगडलं आणि त्यांना १९७३ चं नोबेल मिळालं. जवळ असेल तर गोल गोल, लांब असेल तर कंबर हलवत सरळ चालून परत वळायचं, जितकं लांब तितका वेळ कंबर हलवायची. आम्ही तुळशीमागे नाहीतर गोठ्यापाशी गूळ-शेंगदाण्याची डबी लपवतो, एकटीलाच दाखवतो, आणि तिने बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही, नाचून सांगायचं. सूर्याशी किती कोन वगैरे या वयाला सांगू नका हो, युट्यूब बघून एका मॅडमने सांगितलं होतं, पोरं सूर्याकडे बघत बसली. जवळ की लांब, गोठा की तुळस, इतकं पुरे.

आता पालकांचा प्रश्न, चावली म्हणजे? रास्त आहे. फुलावर बसलेली माशी दाबल्याशिवाय, पकडल्याशिवाय सहसा डंख मारत नाही, तिला तुमच्यात इंटरेस्टच नसतो. मोहोळ ही वेगळी गोष्ट. आग्या मोहोळ उठलं तर मोठा माणूस पण दगावू शकतो, तिथे लाड नाहीत. म्हणून आमचा एक खेळ फक्त ह्याच्यासाठी. मी म्हणते, एक माशी! की सगळे पुतळा, हात हलवायचा नाही. मी म्हणते, मोहोळ उठलं! की ओढणी नाहीतर शर्ट तोंडावर ओढून घ्यायचा आणि थेट वर्गात पळायचं, दार लावायचं, विहिरीत-हौदात उडी नाही, मागे वळून बघायचं नाही. मोहोळाला दगड मारायचा नाही आणि त्याच्याखाली धूर, फटाके नाहीत हे तर खेळाच्या आधीच. पुतळा आणि पळ, पुतळा आणि पळ, पोरं घामाघूम होतात. ज्यांना डंखाने अंगावर गांधी उठतात, श्वास लागतो, त्यांना ताबडतोब दवाखान्यात न्यायचं, हे आयांना सांगून ठेवते.

आणि आपल्याकडे काय एकच माशी आहे का. आग्या आहे, ती उघड्यावर एकच मोठं पोळं टांगते म्हणून पेटीत राहत नाही. सातेरी आहे, झाडाच्या ढोलीत राहणारी, पेटीत पाळतात ती, महाबळेश्वरकडचा मध म्हणतो तो बराचसा तिचा, तिथल्या मांघरला २०२२ साली मधाचं गाव म्हणून जाहीर पण केलं. फुलोरी आहे, बारीक, डाळिंबाच्या नाहीतर मेंदीच्या फांदीवर तळहाताएवढं पोळं. पोया आहे, डंखच नसलेली, भिंतीच्या भोकात. पुण्यात तर १९६२ पासून मधमाशांवर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था आहे. वर्कशीटवर मात्र गोबऱ्या गालांची विलायती. आणि वांग्याच्या फुलावर येणारा काळा भुंगा तर कोणाच्याच वर्कशीटवर नाही, वांग्याचा पराग नळीत अडकलेला असतो, तो फूल धरून जोरात गुणगुणतो तेव्हा झडतो, मधमाशीला ते नीट जमत नाही. त्यासाठी भोकं असलेली मिठाची डबी घ्यायची, आत हळद, उलटी धरायची आणि सगळ्यांनी मिळून ऊंऊंऊं करत हात थरथरवायचा. अंगण पिवळं. भरताचं वांगं कुठून येतं हे त्यांना त्या दिवसापासून माहीत असतं.

शाळावाले म्हणतात वेळ नाही, पोर्शन आहे. तीन ते आठ हा पायाभूत टप्पा, खेळातून शिकवा, असं २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच लिहिलंय की. आणि ते यायची तरी वाट कशाला बघायची, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि मग कोसबाडला हेच केलं, पानं, बिया, दगड, शंख घेऊन, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा नेली. अंगणवाडी हा शब्दच अंगणातून आलाय. आता अंगणात पेव्हर ब्लॉक आणि आत वर्कशीट.

ज्या शाळांना खेळ नको असेल त्यांनी निदान एक करा. आत्ता जूनच आहे, कुंपणाला भोपळ्याच्या चार बिया टाका. गणपतीच्या आगेमागे फुलं येतील. नर फूल नुसत्या देठावर, मादी फुलाच्या खाली इवलासा भोपळा आधीपासूनच असतो, पोरांना तो दाखवला की आ वासतात. दुसऱ्या दिवशी उमलणार अशा एका मादी कळीला आदल्या संध्याकाळी मलमलची पिशवी बांधा, दुसरी उघडी ठेवा. फूल पहाटे उमलतं आणि दुपारच्या आत मिटतं, त्यामुळे अकराच्या शाळेवाल्यांनी जरा लवकर यावं. आठवडाभराने पिशवीतला भोपळा पिवळा पडून गळतो, उघडा असलेला लिंबाएवढा झालेला असतो. आमच्याकडे एकीने पिशवी सोडून तो गळलेला भोपळा ओंजळीत घेतला आणि मला म्हणाली, बाई, हिच्याकडे कोणी आलंच नाही. ती मुलगी आता शेतकी कॉलेजला आहे वगैरे काही नाही, लग्न होऊन ओझरला असते. पण परवा भेटली तर तिला भोपळा आठवत होता.

हो, नातवाचं राहिलं. रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्येच डाव मांडला, वाट्या लेकीच्या, रांगोळी दिवाळीची उरलेली. चौदा पोरं जमली, चौदाच्या चौदा माश्या. फूल व्हायला एकही तयार नाही, मी गुडघ्यामुळे खाली बसू शकत नाही. शेवटी वॉचमन काका आपल्या खुर्चीवरून म्हणाले, आणा इकडे ती वाटी, मी तसाही बारा तास इथून हलत नाही. त्यांनी गळ्यातला पिवळा रुमाल काढून खुर्चीच्या पाठीला बांधला, आणि पंधरा मिनिटांत त्यांची युनिफॉर्मची पँट गुलाबी.

आपली,
एक निवृत्त बालवाडीची बाई
ता. निफाड, जि. नाशिक